टायटॅनियमची फ्रेम: आमच्या बालग्राहकांसाठी माहिती

बालमित्रांनो, चष्म्याची टायटॅनियमची फ्रेम इतर फ्रेमपेक्षा महाग का असते, हा प्रश्न तुम्ही आमच्या दुकानात नेहमी विचारता. प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचे उत्तर या धातूच्या स्वभावातच दडलेले आहे.

१७९१ साली इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यात विल्यम ग्रेगर या धर्मगुरूंना ओढ्याच्या काळ्या वाळूत हे मूलद्रव्य सापडले. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूतही टायटॅनियमचे इल्मेनाइट हे खनिज असते. म्हणजे हा धातू दुर्मीळ नाही. मात्र तो ऑक्सिजनला इतका घट्ट धरून ठेवतो की, त्याला वेगळे करण्यासाठी आधी खनिजापासून क्लोराइड तयार करून मग वितळलेल्या मॅग्नेशियमची मदत घ्यावी लागते. या खटाटोपामुळेच त्याची किंमत वाढते.

ऑक्सिजनची हीच ओढ पुढे तुमच्या उपयोगी पडते. हवा लागताच टायटॅनियमवर ऑक्साइडचा अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर तयार होतो आणि ओरखडा पडला तरी तो लगेच पुन्हा धरतो. त्यामुळे खेळताना येणाऱ्या घामाने किंवा समुद्राच्या पाण्याने ही फ्रेम गंजत नाही. शरीरालाही हा थर सहसा त्रास देत नाही, म्हणून मोडलेले हाड जोडण्याच्या पट्ट्या आणि कृत्रिम दातांची मुळे टायटॅनियमची करतात. विजेच्या साहाय्याने हाच थर थोडा जाड केला की, प्रकाशाच्या खेळामुळे त्यावर निळा, जांभळा, सोनेरी असे रंग दिसतात. तेथे रंग मुळीच लावलेला नसतो. भिंतीच्या पांढऱ्या रंगातील शुभ्र भुकटीसुद्धा टायटॅनियमचे ऑक्साइडच असते.

वजनाचे म्हणाल, तर पोलादाचा जो तुकडा ७८ ग्रॅम भरेल, तेवढ्याच आकाराचा टायटॅनियमचा तुकडा सुमारे ४५ ग्रॅम भरतो. दिवसभर नाकावर चष्मा वागवणाऱ्या मुलांसाठी हा फरक आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

पालकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वाकवली तरी पूर्ववत होणाऱ्या काही फ्रेममध्ये टायटॅनियमबरोबर निकेलही असते. मुलाला निकेलची ॲलर्जी असल्यास शुद्ध टायटॅनियमचीच फ्रेम मागावी. काडी मोडल्यास ती साध्या डाखाने जोडू नये, कारण तापलेले टायटॅनियम हवेशी संयोग पावून ठिसूळ होते. त्याचे जोडकाम आरगॉन वायूच्या आवरणात करावे लागते, तेव्हा दोन्ही तुकडे जपून आमच्याकडे घेऊन यावे.