सामायिक सेवा (सार्वजनिक संस्थांतील)

सामायिक सेवा : दोन किंवा अधिक सार्वजनिक संस्थांनी, अथवा एकाच संस्थेच्या अनेक कार्यालयांनी, वेतनबिले, हिशेब, खरेदी, आस्थापना, संगणक यंत्रणा, वाहने, प्रयोगशाळा यांसारखी प्रत्येकाकडे वेगवेगळी चालणारी कामे एका यंत्रणेकडे सोपवून तिचा खर्च वाटून घेण्याची व्यवस्था. केंद्रीकरणाशी तिचे साम्य दिसते, पण केंद्रीकरणात वरचे कार्यालय हुकूम काढते आणि खालच्याने तो पाळायचा असतो. सामायिक सेवेत काम करून घेणारी संस्था ही गिऱ्हाईक असते आणि कामाचा दर्जा, मुदत व आकारणी यांवर तिचा शब्द चालावा अशी अपेक्षा असते. ठेकेदारीत काम बाहेर जाते, येथे ते सार्वजनिक क्षेत्रातच राहते. संस्थांच्या विलीनीकरणापासूनही ही कल्पना वेगळी आहे. सोलापूर शहराच्या १९९२ च्या हद्दवाढीत भोवतालची गावे महानगरपालिकेत आली, त्यांच्या ग्रामपंचायती संपल्या आणि ‘हद्दवाढ भाग’ हा शब्द तेवढा मागे राहिला; सामायिक सेवेत मात्र प्रत्येक संस्थेचा ठराव, शिक्का आणि अंदाजपत्रक कायम राहते.

नाव नवे असले तरी व्यवहार ओळखीचा आहे. सोलापूर जिल्ह्यात सातबाऱ्यावर ‘सामाईक’ नोंद असलेली विहीर चार भावांत असते. विहीर एक, मोटार एक, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या आणि वीजबिल वाटून. एकेका बैलाचे दोन शेतकरी सावड करून जोडी जुंपतात, तेव्हाही तत्त्व हेच असते. अशा विहिरीवर भांडण होते ते बहुधा पाण्यावरून होत नाही. मोटार जळाली की दुरुस्ती कोणी करायची यावरून होते. सार्वजनिक संस्थांच्या सामायिक सेवांचा अनुभव यापेक्षा फार निराळा नाही.

खर्च कमी होण्याची कारणे सरळ आहेत. सोलापूर जिल्ह्यात अकरा तालुके आणि तितक्याच पंचायत समित्या आहेत. प्रत्येक ठिकाणी वेतनबिलाचा एक जाणकार लिपिक, तो रजेवर गेला तर दुसरा, स्वतंत्र संगणक, स्वतंत्र छपाई आणि स्वतंत्र निविदा असे धरले, तर एकाच कामाची अकरा वेळा उभारणी होते. काम एकवटले की माणसे व यंत्रे पूर्ण वेळ वापरली जातात, मोठ्या मागणीमुळे खरेदीचा दर खाली येतो आणि संगणकप्रणालीचे शुल्क एकदाच भरावे लागते. चौथे कारण कमी सांगितले जाते, पण लहान संस्थांच्या दृष्टीने तेच मोठे आहे : एकट्या नगरपरिषदेला किंवा ग्रामपंचायतीला परवडणार नाही असा विद्युत अभियंता, पाणी तपासणारा रसायनतज्ज्ञ किंवा निविदेचा मसुदा जाणणारा माणूस अनेकांत मिळून ठेवता येतो. मात्र हा लाभ एका अटीवर मिळतो. सर्वांची कामाची पद्धत आधी एक करावी लागते. अकरा कार्यालयांच्या अकरा पद्धती तशाच ठेवून ती एका छताखाली आणली, तर छताचे भाडे तेवढे वाढते.

ही संज्ञा रुळली ती १९८० च्या दशकात, अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांनी आपल्या विभागांचे हिशेब व वेतनाचे काम एकेका केंद्रात आणले तेव्हा. सरकारांनी ती नंतर उचलली. ब्रिटनमध्ये सर पीटर गर्शन यांच्या २००४ मधील कार्यक्षमता अहवालाने सहायक कामे एकत्र करण्यावर भर दिला आणि मंत्रालयांची सामायिक केंद्रे उभी राहू लागली. कॅनडाने २०११ मध्ये संगणक यंत्रणेसाठी ‘शेअर्ड सर्व्हिसेस कॅनडा’ हा स्वतंत्र विभागच काढला.

या प्रयोगांचे हिशेब लेखापरीक्षकांनी काढले आहेत आणि ते काळजीपूर्वक वाचण्यासारखे आहेत. ब्रिटनच्या परिवहन मंत्रालयाने स्वान्सी येथे उभारलेल्या केंद्रातून सुमारे ५.७ कोटी पौंडांची निव्वळ बचत होईल असा अंदाज होता. २००८ च्या तपासणीत तो सुमारे ८.१ कोटी पौंडांच्या निव्वळ खर्चाकडे उलटल्याचे दिसले. तेथील संगणकप्रणाली कर्मचाऱ्यांना अधूनमधून जर्मन भाषेत संदेश देत असे, हेही संसदीय समितीच्या नोंदीत आहे. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१२ मध्ये पाच केंद्रे तपासली, तेव्हा ९० कोटी पौंडांत होणारे काम १४० कोटींवर गेले होते आणि घातलेला पैसा वसूल झालेले केंद्र एकच होते. कारण असे की प्रत्येक विभागाने आपल्या सवयीप्रमाणे प्रणालीत फेरफार करून घेतले होते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात २०१० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांच्या वेतनप्रणालीचा बोजवारा उडाला. कॅनडात वेतनाचे काम मिरामिची या गावातील एका केंद्रात नेऊन २०१६ मध्ये ‘फिनिक्स’ प्रणाली सुरू करण्यात आली. खात्याखात्यांतील अनुभवी वेतन लिपिक आधीच कमी केलेले असल्यामुळे हजारो कर्मचाऱ्यांचे चुकलेले पगार दुरुस्त करायला माणूसच उरला नव्हता. वर्षाला सुमारे सात कोटी डॉलर वाचविण्यासाठी केलेल्या या बदलाच्या निस्तरणीवर त्याच्या कैक पट रक्कम गेली.

महाराष्ट्रात हे नाव क्वचितच वापरले जाते, पण वस्तू जुनी आहे. तलाठ्याची (२०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी) सजा म्हणजे अनेक गावांत मिळून एक दप्तर. जिल्हा कोषागार आणि तालुक्यांची उपकोषागारे या तर अस्सल सामायिक सेवा : खाते कोणतेही असो, बिल तपासून पारित करणारी खिडकी एकच. कर्मचाऱ्यांच्या वेतनासाठी ‘सेवार्थ’ आणि शिक्षकांसाठी ‘शालार्थ’ या प्रणाली त्याच वाटेवरच्या आहेत. शालार्थमध्ये जिल्हा परिषद शाळेचा मुख्याध्यापक हा ‘डीडीओ १’ (पहिल्या पातळीचा आहरण व संवितरण अधिकारी) असतो. महिन्याचे बिल तो तयार करून पुढे पाठवतो, पंचायत समिती स्तरावर ते एकत्र होते आणि मग जिल्हा परिषदेकडे जाते. एखाद्या शिक्षकाची वेतनवाढ चुकीच्या महिन्यात नोंदली गेली, तर पूर्वी शाळेच्या कागदावर खाडाखोड करून सही झाली असती. आता बिल परत खाली येते, दुरुस्त होऊन पुन्हा वर जाते आणि तोवर त्या गटातील बाकीच्यांची बिलेही थांबू शकतात. अकरा ठिकाणच्या कागदांऐवजी एकच नोंद राहते आणि दुबार वेतनाला आळा बसतो, हा फायदा खरा आहे. पण दुरुस्तीचा वेळ कोणत्याही खर्चपत्रकात येत नाही, हेही तितकेच खरे.

जिल्ह्यातील सर्वांत बोलके उदाहरण प्रादेशिक पाणीपुरवठा योजनांचे आहे. अवर्षणप्रवण सांगोला तालुक्यातील शिरभावी योजना ऐंशीहून अधिक गावांसाठी आखलेली आहे. एवढ्या गावांनी स्वतंत्र उद्भव (पाण्याचा स्रोत), जॅकवेल (पाणी उपसण्याची विहीर) आणि शुद्धीकरण केंद्र बांधणे अशक्यच होते, आणि बऱ्याच गावांच्या शिवारात खात्रीचे पाणी मुळातच नव्हते. त्यामुळे येथे सामायिक सेवा हा काटकसरीचा एक पर्याय नसून पाणी मिळण्याची अटच आहे. अशा योजना चालविण्यासाठी गावांच्या प्रतिनिधींची समिती असते, तिला बोलीत शिखर समिती म्हणतात. प्रश्न वसुलीचा येतो. ग्रामपंचायतीने घरपट्टीबरोबर पाणीपट्टी गोळा करायची, तिचा वाटा योजनेकडे भरायचा आणि योजनेने महावितरणचे बिल द्यायचे, अशी ही साखळी आहे. काही गावांनी वाटा थकवला की वीज तुटते ती सर्वांची, नियमित पैसे भरणाऱ्या गावाचीही. वाहिनीच्या शेवटच्या टोकाचे गाव ‘आमच्यापर्यंत पाणी येतच नाही, मग पट्टी कशाची?’ असे विचारते आणि त्याचे म्हणणे खोटे नसते. पाऊस बरा झाला, गावची विहीर भरली, की गाव योजनेचे पाणी नको म्हणते. उरलेल्या गावांवर तोच स्थिर खर्च वाढीव वाट्याने पडतो. एका सभासदाच्या माघारीने इतरांचा दर चढणे हा सामायिक सेवांचा जगभरचा दुखरा भाग आहे, आणि करारात बाहेर पडण्याची अट आधीच लिहिली नसेल तर त्यावर उपाय राहत नाही.

ग्रामपंचायतींत २०११ पासून ‘संग्राम’ आणि २०१६ पासून ‘आपले सरकार सेवा केंद्र’ या नावाने संगणकीय कामाची समाईक व्यवस्था आहे. केंद्रचालक नमुना १ ते ३३ (ग्रामपंचायतीच्या हिशेबाचे व नोंदींचे ठरलेले तक्ते) यांची नोंद घेतो, दाखले देतो आणि २०२० पासून केंद्र सरकारच्या ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर हिशेब भरतो. त्यासाठी ग्रामपंचायतीने ठरावीक रक्कम द्यायची असते. दीड-दोनशे उंबऱ्यांच्या वाडीला ती जड जाते आणि मोठ्या बाजारगावाला जाणवतही नाही, म्हणून सर्वांना सारखी आकारणी करावी की कामाच्या प्रमाणात, हा वाद येथेही आहे. नमुना ८ चा (घरपट्टी आकारणीचा) उतारा हवा असलेला माणूस दारात उभा असतो आणि आतून ‘साईट डाऊन आहे, उद्या या’ असे उत्तर येते. हा उद्या म्हणजे त्याचा बुडालेला रोजगार. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या सीमेवरील गावांत घरची भाषा कानडी असते. तेथे खिडकीपलीकडचा गावातला माणूस जे दोन वाक्यांत समजावून देतो, ते दूरच्या मदत क्रमांकावर समजतेच असे नाही. करमाळ्याहून जिल्ह्याचे ठिकाण शंभराहून अधिक किलोमीटर पडते. जिल्ह्याला हलवलेले प्रत्येक टेबल कार्यालयाचा खर्च घटवते आणि त्यातला काही भाग एसटीच्या तिकिटाच्या रूपाने नागरिकाच्या खिशात ढकलते.

खरेदीबाबत अनुभव संमिश्र आहे. केंद्राच्या ‘जेम’ या ई-बाजारपेठेमुळे (२०१६) लहान कार्यालयांनाही दरांची तुलना करता आली. उलट, राज्याने २०१७ मध्ये रुग्णालयांची औषधखरेदी हाफकिन महामंडळाकडे एकवटली, तेव्हा पुरवठ्याला विलंब होत असल्याच्या तक्रारी वाढल्या आणि २०२३ मध्ये त्यासाठी वेगळ्या प्राधिकरणाचा कायदा करावा लागला. स्वस्तात ठरलेले औषध वेळेवर आले नाही, तर रुग्णालय तेच औषध किरकोळ दराने स्थानिक बाजारातून घेते.

तात्पुरत्या सामायिक सेवेचा नमुना पंढरपुरात दरवर्षी दिसतो. आषाढीला लाखो वारकरी येतात. त्या चार दिवसांच्या गरजेइतके सफाई कामगार, पाण्याचे टँकर आणि अग्निशामक गाड्या पंढरपूर नगरपरिषदेने बारा महिने बाळगणे शहाणपणाचे नाही. म्हणून इतर ठिकाणांहून माणसे व वाहने येतात आणि चंद्रभागेपलीकडच्या ६५ एकरांत महसूल, पोलीस, आरोग्य व पाणीपुरवठ्याची माणसे शेजारी शेजारी काम करतात. येथे गाडे सुरळीत चालते याची कारणे उघड आहेत : मुदत ठाऊक असते, काम डोळ्यांसमोर असते आणि जिल्हाधिकारी या एका अधिकाऱ्याकडे शेवटचा शब्द असतो.

बचत मोजण्यात सर्वांत मोठी अडचण म्हणजे आधीचा खर्चच कोणी मांडून ठेवलेला नसतो. पंचायत समितीतील लिपिक अर्धा दिवस वेतनबिले, पाव दिवस टपाल आणि उरलेला वेळ सभेची तयारी करत असेल, तर वेतनबिलांचे काम गेल्याने त्याचे पद वाचत नाही. फार तर त्याला थोडी उसंत मिळते. पद खरोखर कमी व्हायचे असेल तर शासनमान्य आकृतिबंध (मंजूर पदांचा आराखडा) बदलावा लागतो, आणि तो वर्षानुवर्षे तसाच राहतो. मग नव्या केंद्रासाठी कंत्राटी माणसे घेतली जातात, जुनी पदे मंजूरच असतात, प्रस्तावाच्या टिपणीत बचतीचा आकडा असतो आणि अंदाजपत्रकात वेतनाच्या शीर्षाखालची रक्कम घटत नाही.