आदुली म्हणजे नेमकं किती?

मराठवाड्यात धान्य मोजायच्या ज्या भांड्याला आदुली म्हणतात, तीच अधोली. अधपाव, अधेली या शब्दांतला 'अध' म्हणजे अर्धा, तोच इथे आहे. अर्धी कशाची, तर पायलीची. पायली चार शेरांची, म्हणून आदुली दोन शेरांची. शेराखाली मापटं, चिपटं, कोळवं, निळवं, प्रत्येक वरच्याच्या निम्मं.

घोळ 'शेर' या शब्दात आहे. बारा पायल्यांचा मण धरला तर त्यात 48 शेर येतात. ताजव्यावरचा, म्हणजे तराजूवरचा, मण मात्र 40 शेरांचा, म्हणजे पाच शेरांच्या आठ पासऱ्यांचा. शब्द तेच, पण एक शेर भांड्यात मावणारा आणि दुसरा तोलायचा. तोलायचा शेर 80 तोळ्यांचा, म्हणजे सुमारे 933 ग्रॅम. मापाच्या शेराला असं एकच वजन नसतं. त्याच आदुलीत ज्वारी जड भरते, करडई बरीच हलकी.

त्यातून भरण्याची रीत. काठोकाठ भरून वरून हात फिरवला तर एक हिशेब, शिगोशीग, म्हणजे काठावर ढीग (शीग) येईल अशी भरली तर दुसरा. दोन मापांत सारखंच धान्य मावत असलं, तरी रुंद तोंडाच्या मापावर शीग मोठी बसते. माप आपटून भरलं की दाणे दबतात आणि आणखी मूठभर जातं. मोजताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणतात. ते मोजणीत धरायचंच, नाहीतर एक माप जास्त जातं.

1956 च्या 1 नोव्हेंबरला मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला आणि त्याच डिसेंबरात मेट्रिक वजनमापांचा कायदा झाला. 1958 च्या ऑक्टोबरपासून नवी वजनं टप्प्याटप्प्याने आली. कायद्यात लिटरही होता, किलोही. आदुली हे भांड्याचं माप, तिचा खरा वारस लिटर. पण धान्य किलोवर गेलं. आडतीवर, म्हणजे बाजारातल्या दलालाकडे, ते योग्यच होतं, कारण तिथे माल तोलूनच घ्यावा. गावात मात्र 'शेर म्हणजे किलो, पायली म्हणजे चार किलो' हा सोपा हिशेब रुजला आणि तो चुकीचा आहे. तोलायचा शेर धरला तरी चार शेरांचे 3.73 किलोच होतात. बलुतं किंवा सालगड्याचं धान्य पायलीने ठरलेलं असेल आणि गावची पायली मोठी असेल, तर चार किलोंच्या हिशेबात घेणाराच बुडतो.

घरात जुनी आदुली असेल तर आधी पाणी भरून ती किती लिटरची आहे ते पाहावं. मग पुसून, पूर्ण वाळवून, ठरलेल्या रीतीने ज्वारी भरावी, तीनदा तोलावी आणि सरासरी काढावी. अडीच लिटरच्या आदुलीत शीग न ठेवता ज्वारी पावणेदोन ते दोन किलोच्या दरम्यान भरते. शिगेचं वजन वेगळं लिहून ठेवावं.