वारस नोंद (सातबाऱ्यावरची)

जमिनीचा खातेदार वारला की त्याच्या जागी त्याच्या वारसांची नावं सातबाऱ्यावर चढवायची महसूल खात्याची जी प्रक्रिया आहे तिला वारस नोंद म्हणतात. महाराष्ट्रात गावाकडे दहावा-तेरावा आटोपला की पहिलं सरकारी काम निघतं ते हेच. कोर्टाची पायरी बहुतेक वेळा चढावीच लागत नाही, तलाठी आणि मंडळ अधिकारी (लोक सर्कलच म्हणतात) एवढ्या दोघांतच काम संपतं, आणि स्टॅम्प ड्युटीही लागत नाही. तलाठ्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय पण गावात अजून तलाठीच चालतं. आधार आहे तो महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ चा, कलम १४९ आणि १५०. पहिल्यात वारसाने हक्क मिळाल्यापासून ३ महिन्यांत कळवायचं असं म्हटलंय. प्रत्यक्षात ३-३ पिढ्या कोणी कळवत नाही आणि सगळा घोळ तिथनं सुरू होतो.

काम असं चालतं. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत करून दाखला काढायचा, मग सगळ्या वारसांची नावं, वयं, पत्ते आणि मयताशी नातं लिहून अर्ज करायचा, सोबत शपथपत्र किंवा स्वयंघोषणापत्र, आधार, रेशनकार्डाची झेरॉक्स, काही ठिकाणी पोलीस पाटलाचा किंवा सरपंचाचा दाखलाही मागतात. अर्ज तलाठ्याकडे हातात देता येतो किंवा ई-हक्क प्रणालीवर घरबसल्या भरता येतो. तलाठी गावात चौकशी करून गाव नमुना ६-क मध्ये, म्हणजे वारस नोंदवहीत, लिहितो. मग गाव नमुना ६ मध्ये फेरफार, म्हणजे हक्कातल्या बदलाची नोंद, धरला जातो, नोटीस चावडीवर लागते आणि हितसंबंध असलेल्यांना पाठवली जाते, हरकतीसाठी १५ दिवस असतात, हरकत आली नाही तर सर्कल नोंद प्रमाणित करतो आणि नवा सातबारा निघतो. हरकत आली तर प्रकरण ६-अ मध्ये, विवादग्रस्त म्हणून, आणि मग सुनावणी.

या ६-क चा उताराही वेगळा मागून ठेवावा. शेतकरी अपघातात गेला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून घरच्यांना २ लाख रुपये मिळतात आणि त्याच्या कागदपत्रांत हा उतारा लागतोच, तेव्हा अंगावर दुःख असताना धावपळ नको.

फेरफारातला मजकूर ठरलेला असतो, खातेदार अमुक हे अमुक तारखेस मयत, त्यांना खालीलप्रमाणे वारस, मुलगा, मुलगा, मुलगी, पत्नी, आणि शेवटी "यांखेरीज इतर वारस नाहीत". सगळ्या प्रक्रियेतली सर्वात महत्त्वाची ओळ ही शेवटचीच. तिच्यावर घरातलेच लोक सही करतात, आणि वर्षानुवर्षं लग्न होऊन गेलेल्या बहिणी याच ओळीखाली गाडल्या गेल्यात. ती सासरी, तिला नोटीस पोचत नाही, १५ दिवस निघून जातात, नोंद प्रमाणित. दहा-वीस वर्षांनी रस्त्यात जमीन जाते, मोबदल्याची यादी लागते, तेव्हा तिला कळतं की बापाच्या वारसांत आपण नाहीच. जुन्या नोंदींत दुसराही एक प्रकार दिसतो, बहिणीचं नाव घेतलंय पण कब्जेदारांत (जमीन ज्यांच्या नावावर त्यांच्यात) नाही, बाजूच्या इतर हक्काच्या रकान्यात. तिला वाटतं नाव लागलंय, भावाला वाटतं लागलं नाही, आणि बँक तर कब्जेदाराचा रकाना बघून कर्ज देऊन मोकळी होते.

कायदा याबाबत अजिबात गुळमुळीत नाही. (पुढचे वाटे हिंदू, बौद्ध, जैन, शीख कुटुंबांचे, बाकीच्यांचे कायदे वेगळे.) हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ प्रमाणे मृत्युपत्र न करता पुरुष गेला तर मुलगा, मुलगी, विधवा आणि आई हे वर्ग १ चे वारस, सगळ्यांना सारखा वाटा. मयताचा बाप त्यात येत नाही, हे ऐकून बरेच जण चमकतात. आधीच वारलेल्या मुलाची बायको-पोरं त्याच्या एका वाट्यात येतात, आधीच वारलेल्या मुलीची पोरंही तशीच तिच्या वाट्यात. म्हणजे २ हेक्टर स्वकष्टार्जित जमीन, मागे बायको, २ मुलगे, १ मुलगी, तर प्रत्येकी ५० आर (१०० आर म्हणजे १ हेक्टर), मुलीचं लग्न १९८० ला झालेलं असो की गेल्या वर्षी. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मानेच हक्क द्यायचं काम महाराष्ट्राने १९९४ मध्येच केलं पण तेव्हा लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या, ती अट ९ सप्टेंबर २००५ पासूनच्या केंद्राच्या दुरुस्तीने गेली, आणि बाप त्या तारखेला हयात होता की नव्हता याने फरक पडत नाही हे सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. तरी आजही कुठेतरी "तिचं लग्न झालंय, तिचं नाव कशाला" हे ऐकू येतं. तलाठी कार्यालयात हे वाक्य कोणी म्हणालं तर अर्ज तिथेच थांबवावा इतकं ते चूक आहे.

बहिणीला खरंच वाटा नको असेल तर तिने सोडावा, तो तिचा निर्णय. पण रीत अशी की आधी तिचं नाव वारस म्हणून लागलं पाहिजे आणि मग दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करून हक्कसोडपत्र झालं पाहिजे, साध्या कागदावरची किंवा तलाठ्यापुढची संमती चालत नाही. दिवाळीला माहेरी आलेल्या बहिणीला "फक्त एक सही हवी" म्हणून नेतात, ती सही नेमकी कशावर आहे ते तिने शांतपणे वाचून घ्यावं, वाटलं तर नवऱ्याला नाही तर वकिलाला दाखवावं. एकदा नोंदवलेलं हक्कसोड मोडायचं तर दिवाणी कोर्टाशिवाय रस्ता नाही.

वारस नोंद म्हणजे वाटणी नाही, इथेही गल्लत होते. नावं लागतात ती सामाईक, कोणी कुठला तुकडा कसायचा हे त्यातून ठरत नाही, त्यासाठी सगळ्यांची संमती असेल तर कलम ८५ खाली तहसीलदाराकडे, नाहीतर कोर्टात दावा. आणि फेरफाराने मालकी तयारही होत नाही, तो मुळात महसुलासाठीचा रेकॉर्ड, हे कोर्टांनी पुन्हा पुन्हा सांगितलंय. म्हणून नाव राहून गेलं म्हणजे हक्क संपला असं समजून रडत बसू नये. प्रमाणित नोंदीवर ६० दिवसांत प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अपील करता येतं, उशीर झाला असेल तर कारण देऊन विलंब माफीचा अर्ज जोडायचा.

मृत्युपत्र असेल तर चित्र बदलतं. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, २ साक्षीदार मात्र लागतातच. प्रोबेटचं, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून सिद्ध करून घ्यायचं, बंधन अनेक वर्षं मुंबईपुरतं होतं, गावात केलेल्या आणि गावच्याच जमिनीच्या हिंदू मृत्युपत्राला ते नव्हतं, त्यामुळे तलाठ्याकडे मृत्युपत्र लावून नोंद धरता येते, फक्त कोणी वारसाने हरकत घेतली की खरं-खोटं ठरवायला कोर्टच. बँकेतल्या ठेवी आणि शेअर्सना नॉमिनी नसेल किंवा वाद असेल तर उत्तराधिकार प्रमाणपत्र लागतं, ते १९२५ च्या कायद्याखाली, आणि कोर्टातून मिळणारा वारस दाखला मात्र अजून चक्क १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनवर चालतो. नॉमिनी हा मालक नसतो, त्याने पैसे घेऊन वारसांना द्यायचे असतात. गोव्यात सगळंच निराळं, तिथे इन्व्हेंटरी प्रोसिडिंग (मयताच्या मालमत्तेची यादी करून वाटणी ठरवायची कोर्टाची कारवाई) होतं आणि जोडीदाराचा अर्धा हिस्सा आधीच वेगळा धरला जातो.

मेलेल्यांच्या नावावरचे सातबारे इतके साचले होते की २०२५ मध्ये सरकारने जिवंत सातबारा मोहीम काढली, आधी बुलढाणा जिल्ह्यात, मग १ एप्रिलपासून राज्यभर. चांगलं काम, पण घाईत नोंद झाली की परत तीच शेवटची ओळ, म्हणून यादी वाचून बघावी.

आजोबा-पणजोबांच्या नावावर जमीन असेल तर प्रत्येक मृत्यूचा फेरफार क्रमाने करावा लागतो, मधली पिढी उडवून थेट नातवाचं नाव लागत नाही. सुरुवात वंशावळीने करायची, आत्या आणि त्यांची पोरं धरून. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात फेरफार क्रमांक असतो आणि कमी केलेल्या नावाला कंस असतो, तो क्रमांक घेऊन तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून उतारा काढायचा, पुष्कळ जिल्ह्यांचे आपले अभिलेख या साइटवर स्कॅन करूनही ठेवलेत. नावापुढे ए.कु.मॅ. दिसलं तर तो थोरला भाऊ एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलेला आहे, एकटा मालक म्हणून नाही, बाकी भावंडांची नावं त्या जुन्या फेरफारातच सापडतील. अ.पा.क. आई (अज्ञान पालनकर्ता आई) असं असेल तर पोरं तेव्हा अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, होती, ती आता मोठी झाली असली तर तो शेरा कमी करून घ्यायचा अर्ज त्याच फेरीत देऊन टाकावा.