प्रमुख मालमत्तेची विक्री आणि भागधारकांचा लाभ

कंपनीने आपला कारखाना, जमीन, एखादा विभाग किंवा उपकंपनीतील हिस्सा अशी मोठी मालमत्ता विकली, की ती बातमी शेअर बाजारात बहुधा आनंदाची मानली जाते. पण तेवढ्याने भागधारक श्रीमंत होत नाही. मालमत्ता आधीही त्याच्याच कंपनीची होती, तिच्या जागी आलेली रोकडही कंपनीचीच आहे. लाभ दोनच वाटांनी होतो: खरेदीदाराने मालमत्तेच्या खऱ्या मोलापेक्षा जास्त किंमत मोजली तर, किंवा आलेला पैसा अधिक चांगल्या कामी लागला तर.

सर्वांत जास्त फसगत होते ती नफ्याच्या आकड्याने. चाळीस वर्षांपूर्वी घेतलेली जमीन पुष्कळदा हिशेबाच्या पुस्तकात जुन्याच किमतीला पडून असते. ती विकली की त्या तिमाहीचा नफा एकदम उसळतो आणि प्रतिशेअर उत्पन्नही फुगते. प्रत्यक्षात ते मोल वर्षानुवर्षे साचत आलेले असते आणि जाणत्या गुंतवणूकदारांनी ते भावात आधीच धरलेलेही असू शकते. कंपनीच्या निकालात अशी एकदाच होणारी कमाई ‘अपवादात्मक बाबी’ या ओळीत दाखवतात; तिथला असा नफा बाजूला काढूनच निकाल वाचावा.

एक हिशेब पाहू. एखादा विभाग दरवर्षी करापूर्वी 40 कोटी कमावतो. तो 500 कोटींना विकला आणि कर, दलाली, कायदेशीर खर्च जाऊन हाती 440 कोटी आले. ते 6 टक्क्यांनी ठेवीत ठेवले तर वर्षाला 26.4 कोटी मिळतील, म्हणजे उत्पन्न घटले. जोखीम कमी झाली, एवढीच जमेची बाजू. त्याच पैशातून 11 टक्के व्याजाचे कर्ज फेडले तर 48.4 कोटींचे व्याज वाचते. विक्री तीच, किंमतही तीच, पण भागधारकाच्या पदरात पडणारे फळ वेगळे.

लॅरी लँग, ॲनेट पोल्सन आणि रेने स्टुल्झ या वित्त-अभ्यासकांनी 1995 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही हेच दिसले. पैसा कर्जफेडीला किंवा भागधारकांना देण्याचे ठरवणाऱ्या कंपन्यांच्या विक्रीचे बाजाराने स्वागत केले. तो स्वतःकडेच ठेवणाऱ्यांच्या बाबतीत तसे झाले नाही. हाताशी मोकळी रोकड आली की व्यवस्थापनाला नको त्या विस्ताराचा मोह होतो, ही भीती त्यामागे असते. व्होडाफोन या ब्रिटिश दूरसंचार कंपनीने व्हेरायझन वायरलेस या अमेरिकी मोबाइल कंपनीतील आपला 45 टक्के हिस्सा सुमारे 13,000 कोटी डॉलरना विकला, तेव्हा 2014 मध्ये त्यातले सुमारे 8,400 कोटी डॉलर रोख आणि शेअरच्या रूपाने भागधारकांना दिले.

खरेदीदार प्रवर्तकांच्याच, म्हणजे कंपनी उभारणाऱ्या किंवा तिचा ताबा असणाऱ्यांच्याच, घरातला असेल तर मात्र वरचे सगळे हिशेब दुय्यम ठरतात. तिथे कमी किमतीचा तोटा लहान भागधारक सोसतो आणि फायदा प्रवर्तक घेतो. म्हणून अशा व्यवहारात स्वतंत्र मूल्यांकनाचा अहवाल आणि संबंधितांना वगळून घेतलेले मतदान, या दोन गोष्टी आधी तपासाव्यात.