धातूचा कण किती लहान झाला की अतिवाहकता संपते?

अ‍ॅल्युमिनियम १.२ केल्विनच्या खाली, म्हणजे उणे २७२ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड केलं की त्याचा विद्युतरोध शून्य होतो; हीच अतिवाहकता. तुकडा लहान लहान करत गेलो तर हे कुठवर टिकेल? भौतिकशास्त्रज्ञ फिलिप अँडरसन यांनी १९५९ मध्ये मर्यादा सुचवली. तिचं गणित घरबसल्या करता येतं.

अतिवाहकात इलेक्ट्रॉन जोडीनं राहतात, आणि जोडी जमायला जवळजवळच्या पुष्कळ ऊर्जापातळ्या लागतात. कण लहान होतो तशा या पातळ्या विरळ होतात. दोन पातळ्यांमधलं अंतर अतिवाहकाच्या ऊर्जाफटीएवढं (जोडी मोडायला इलेक्ट्रॉनमागे लागणाऱ्या ऊर्जेएवढं) झालं की जोडी जमणं कठीण. हे अंतर काढायला फर्मी ऊर्जेला (धातूतल्या सर्वांत वरच्या भरलेल्या पातळीची ऊर्जा, अ‍ॅल्युमिनियमची ११.७ इलेक्ट्रॉनव्होल्ट) ४/३ नं गुणा आणि मुक्त इलेक्ट्रॉनांच्या संख्येनं भागा. फट ०.१८ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट धरली तर उत्तर येतं सुमारे ८७,००० इलेक्ट्रॉन. अणूमागे तीन, म्हणजे २९,००० अणू: जेमतेम १० नॅनोमीटरचा गोळा.

खरी पंचाईत मोजण्याची. चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलणं ही अतिवाहकाची ओळख, पण शिशाच्या १० नॅनोमीटरच्या कणात क्षेत्र जवळपास आरपार जातं. नेहमीच्या संकेताचा हजारावा भाग उरतो.

१९९०च्या दशकात हार्वर्डमध्ये राल्फ, ब्लॅक आणि टिंकम यांनी थेट एकच कण पकडला. सिलिकॉन नायट्राइडच्या पातळ पडद्याला काही नॅनोमीटरचं भोक, ते एका बाजूनं अ‍ॅल्युमिनियमनं बुजवलेलं. त्यावर किंचित ऑक्सिजन देऊन ऑक्साइडची साय धरवायची. मग दुसऱ्या बाजूनं अवघा २-३ नॅनोमीटरचा थर. तो पसरत नाही, त्याचे सुटे थेंब होतात. पुन्हा ऑक्साइड, वर दुसरा इलेक्ट्रोड. साय जाड झाली तर प्रवाह मोजता येत नाही, पातळ राहिली तर शॉर्ट. जमलंच तर इलेक्ट्रॉन एकेक करून कणातून जातात.

कणात इलेक्ट्रॉनांची संख्या सम असेल तर पहिल्या उत्तेजनासाठी एक जोडी मोडावी लागते, म्हणून फट दिसते. विषम असेल तर एक इलेक्ट्रॉन आधीच एकटा. तो काहीही न मोडता वर सरकतो. सुमारे १० नॅनोमीटरपेक्षा लहान कणांत मात्र फट दिसेना. म्हणून जोड्या पार नाहीशा झाल्या असं नव्हे. त्यांचा प्रभाव हळूहळू विरतो, धारदार सीमा नाही.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत निओबियम या धातूच्या, नॅनोमीटरभर आकाराच्या स्फटिककणांनी बनलेल्या थरांवर असंच दिसलं: ९.४ केल्विनचं संक्रमण तापमान (ज्याखाली अतिवाहकता सुरू होते) ८ नॅनोमीटरच्या कणांत ४.७ पर्यंत उतरलं, त्याखाली अतिवाहकताच नाही.

कथिल मात्र वेगळं वागतं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत २० नॅनोमीटरखालच्या काही कणांची फट मूळ कथिलापेक्षा ६० टक्क्यांपर्यंत मोठी निघाली: आकार नेमका जुळला की पातळ्या एका जागी गर्दी करतात. शिशात मात्र असं काही आढळलं नाही.