मार्कअप शून्य असला तरी मशीनवर रुपये निवडू नका

दुबई, बँकॉक किंवा बालीला निघालेला माणूस हल्ली सगळ्यात आधी विचारतो, "फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परकीय चलनातल्या खर्चावर बँक लावते ते जादा शुल्क, नसलेलं कार्ड कुठलं?" प्रश्न योग्यच आहे आणि त्याला चांगली उत्तरंही मिळतात. पण त्या चर्चेत कुणीतरी हमखास सांगतं, "झीरो मार्कअप कार्ड आहे ना, मग दुकानातल्या कार्डाच्या मशीनवर रुपये दाबा नाहीतर दिरहॅम (दुबईचं चलन), एकच." हे एकच नाही. या एका गैरसमजापायी लोक चांगलं कार्ड मिळवूनही त्याचा फायदा काउंटरवर घालवून बसतात. फॉरेक्स मार्कअप आणि डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन (डीसीसी), म्हणजे दुकानाच्या मशीनवरच बिलाचे रुपये करून घेणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगवेगळ्या लोकांच्या खिशात जातात आणि एक टळली म्हणून दुसरी टळत नाही.

मार्कअप बहुतेकांना ठाऊक आहे. परकीय चलनात खर्च केला की आपली बँक त्यावर साधारण साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप लावते, त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे एकूण 4.13 टक्के. महागड्या कार्डांवर तो दोनच्या आसपास असतो, काहींवर शून्य. कार्ड घेताना हा आकडा बघा आणि पुढे चला.

खरा घोळ डीसीसीचा आहे. तुम्ही दुबईत 500 दिरहॅमची खरेदी केली. दिरहॅमचे रुपये कुठेतरी व्हायलाच हवेत, पण ते कोण करणार, याचे दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात व्यवहार दिरहॅममध्येच पुढे जातो. तुमच्या कार्डाचं नेटवर्क, म्हणजे व्हिसा किंवा मास्टरकार्ड, आपल्या दराने रुपये करतं आणि तुमची बँक त्यावर आपला मार्कअप लावते, असला तर. नेटवर्कचा हा दर बाजारातल्या घाऊक दराच्या जवळ असतो. दोन्ही कंपन्यांच्या वेबसाइटवर तो कुणालाही पाहता येतो. दुसऱ्या मार्गात दुकानाच्या बाजूची बँक किंवा प्रोसेसर (दुकानाचे कार्ड व्यवहार हाताळणारी कंपनी) तिथल्या तिथे रुपये करून टाकतो, स्वतःचा दर लावून. त्या दरातच त्याची कमाई असते आणि तिच्यातला वाटा अनेकदा दुकानालाही मिळतो. हा दुसरा मार्ग म्हणजे डीसीसी. तुमच्या बँकेपर्यंत व्यवहार पोचतो तेव्हा तो आधीच रुपयांत असतो. मग तुमच्या बँकेचा शून्य मार्कअप तिथे काय कामाचा? ज्या ठिकाणी पैसे कापले गेले, तिथे तुमची बँक हजरच नव्हती.

आकड्यांत बघू. समजा नेटवर्कचा दर एका दिरहॅमला 24 रुपये आहे. झीरो मार्कअप कार्डाने दिरहॅममध्ये पैसे दिले तर 500 दिरहॅमचे 12,000 रुपये. साडेतीन टक्केवाल्या साध्या कार्डाने दिले तर सुमारे 12,496. आता मशीनवर रुपये निवडले आणि दुकानाच्या दरात सहा टक्के चढवलेले असले, तर 12,720. एवढ्यावर भागत नाही. परदेशात रुपयांत झालेल्या व्यवहारावर आपल्याकडच्या बऱ्याच बँका एक टक्का किंवा त्याहून जास्त वेगळं शुल्क लावतात, वर जीएसटी. तेही धरलं तर 12,870. म्हणजे झीरो मार्कअप कार्ड हातात असून बिल साध्या कार्डापेक्षा महाग पडलं. सहा टक्के हा मी उदाहरणासाठी धरलेला आकडा आहे. प्रत्यक्षात तीन टक्केही असतात आणि दहाच्या पुढेही जातात.

"निदान किती कापले जाणार ते लगेच कळतं, दर पक्का होतो," असं रुपयांच्या बाजूने सांगितलं जातं. मला हा युक्तिवाद अजिबात मान्य नाही. व्यवहार सेटल व्हायला लागणाऱ्या दोन-तीन दिवसांत रुपया सहसा काही पैशांनी इकडेतिकडे होतो. त्या पैशांच्या भीतीने सहा टक्के आधीच देऊन टाकण्यात कसली आली सुरक्षितता?

आता प्रत्यक्ष मशीनवर काय दिसतं ते बघा, कारण माणूस फसतो तो इथेच. स्क्रीनवर दोन रकमा येतात, एक एईडी (दिरहॅम) आणि एक आयएनआर (रुपये). रुपयांची रक्कम ओळखीची असते, म्हणून बोट आपसूक तिकडे वळतं. बालीत जास्त जपा: तिथलं चलन रुपिया, त्याचा कोड आयडीआर आणि आपला आयएनआर. घाईत एका अक्षराचा फरक सुटतो. कधी दुकानदार मशीन तुमच्याकडे न वळवता स्वतःच रुपये दाबतो आणि स्लिपवर मात्र छापून येतं की ग्राहकाला चलनाची निवड दिली होती. नेटवर्कच्या नियमांनुसार निवड तुमचीच असते. म्हणून कार्ड देण्याआधीच "लोकल करन्सी" म्हणून सांगा. स्लिपवर रुपये दिसलेच, तर सही किंवा पुढचं काही न करता तिथल्या तिथे व्यवहार रद्द करायला लावून पुन्हा करून घ्या. घरी येऊन बँकेकडे तक्रार करता येते, पण निवड दिलीच नव्हती हे सिद्ध करणं जड जातं.

एटीएमवरचा सापळा आणखी वाईट. तिथे "कन्व्हर्जन स्वीकारा" आणि "कन्व्हर्जन डिक्लाइन" (नाकारा) असे पर्याय येतात. डिक्लाइन दाबलं तर पैसेच मिळणार नाहीत, असं वाटून लोक स्वीकारा दाबतात. घाबरू नका. डिक्लाइन केल्यावर व्यवहार स्थानिक चलनात पुढे जातो आणि नोटा येतात. मशीनचं स्वतःचं शुल्क, थायलंडमध्ये दर वेळी 200 बाटांच्या वर, ते मात्र दोन्ही पर्यायांत लागतं. त्यामुळे थोडे-थोडे काढण्यापेक्षा एकदाच काढा. आणि क्रेडिट कार्डाने रोकड काढूच नका: कॅश अॅडव्हान्सचं शुल्क लागतं आणि व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होतं. रोख हवी असेल तर डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड (आधीच परकीय चलन भरून ठेवलेलं कार्ड) वापरा.

फॉरेक्स कार्डवाल्यांनाही हे चुकत नाही. कार्डात दिरहॅम भरलेले असताना मशीनवर रुपये निवडले, तर दिरहॅमचे रुपये आणि पुन्हा रुपयांचे कार्डातलं चलन, असा दोनदा बदल होऊ शकतो. ज्या चलनाचे पैसे भरलेत, तेच चलन निवडा.

हॉटेलात चेक-इनच्या वेळी जी रक्कम कार्डावर अडवून ठेवतात, तीसुद्धा स्थानिक चलनातच ठेवायला सांगा. फॉर्मच्या खालच्या बारीक अक्षरांत कार्डाच्या चलनात बिल घ्यायची संमती असते का ते वाचा. असली तर ती ओळ खोडा, मगच सही करा. चेक-आउटला बिलाचं चलन पुन्हा तपासा.

निघण्याआधी बँकेच्या अॅपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर चालू करा, रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे तो नवीन कार्डावर मुळात बंद असतो. आणि घरबसल्या बुकिंग करतानाही लक्ष ठेवा. परदेशात नोंदलेल्या साइटने किंमत रुपयांत दाखवली तरी काही बँका तिच्यावर तेच रुपयांतल्या परदेशी व्यवहाराचं शुल्क लावतात. पैसे भरण्याआधी पेमेंटच्या पानावर चलन बदलायची सोय आहे का बघा, साइटचा रुपयांतला आकडा नेटवर्कच्या दराशी ताडून बघा, आणि झीरो मार्कअप कार्ड असेल तर तिथेही स्थानिक चलनच निवडा.