पानावरच लिहायचं, पण काहीच बदलायचं नाही

वेबपानावरच्या मजकुरावर क्लिक करावं आणि तिथल्या तिथे तो दुरुस्त करावा, याची सोय इंटरनेट एक्स्प्लोरर ५.५ ने २००० साली आणली. वेबपान ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलच्या टॅगमध्ये, म्हणजे मजकुराभोवतीच्या खुणेत, ‘कंटेंटएडिटेबल’ एवढं लिहिलं की तो परिच्छेद टाइप करण्याजोगा होतो. काम झालं असं वाटतं, आणि डोकेदुखी तिथूनच सुरू होते.

एक शब्द ठळक आणि तिरका करून बघा. ठळकचा टॅग बाहेर आणि तिरक्याचा आत, किंवा बरोबर उलट. कधी मध्येच एखादा रिकामा टॅगही राहून जातो. डोळ्यांना सगळं सारखं दिसतं, साठवलेलं मात्र वेगवेगळं असतं. एंटर दाबल्यावर नवी ओळ कोणत्या टॅगने सुरू करायची, यावरही ब्राउझरांचं बरीच वर्षं एकमत नव्हतं.

म्हणून चांगले एडिटर, म्हणजे मजकूर लिहायचे-दुरुस्त करायचे प्रोग्राम, पानावर भरवसा ठेवत नाहीत. खरा दस्तऐवज प्रोग्रामच्या मेमरीत असतो. पान हे त्याचं फक्त चित्र. इथे फंक्शनल भाषा कामी येतात: त्यांत आहे ती गोष्ट बदलत नाहीत, तिच्यावरून फंक्शन नवी गोष्ट काढून देतं. २०१२ मध्ये इव्हान चॅप्लिकी यांनी तयार केलेल्या एल्म भाषेत प्रोग्रामची घडणच अशी असते: ‘मॉडेल’ म्हणजे सद्यस्थिती, ‘अपडेट’ म्हणजे नवी स्थिती काढणारं फंक्शन, ‘व्ह्यू’ म्हणजे स्थितीवरून चित्र काढणारं फंक्शन. तुम्ही अक्षर टाइप केलंत की जुना दस्तऐवज आणि ‘हे अक्षर घाला’ हा संदेश ‘अपडेट’कडे जातो आणि नवा दस्तऐवज बाहेर येतो. जुन्याला धक्का लागत नाही.

मग प्रत्येक अक्षराला अख्ख्या लेखाची नक्कल? नाही. दस्तऐवज झाडासारखा फांद्याफांद्यांनी रचलेला असतो. बदललेल्या जागेपासून मुळापर्यंतच्या वाटेवरचे सांधे तेवढे नवे बनतात, बाकीच्या फांद्या जुनी आणि नवी आवृत्ती वाटून वापरतात. क्लोजर या फंक्शनल भाषेतल्या ‘व्हेक्टर’ नावाच्या याद्यांमध्ये प्रत्येक सांध्याला ३२ फाटे असतात. चारच पातळ्यांत १०,४८,५७६ घटक मावतात, म्हणजे त्यातला एक बदलायला मोजके सांधे पुन्हा बनवले की भागतं.

कर्सर कुठे आहे, हे सांगायचीही एक सुंदर युक्ती आहे. फ्रेंच संशोधक जेरार उए यांनी १९९७ मध्ये ती ‘झिपर’ या नावाने मांडली. झाडातला सध्या हाती असलेला भाग एकीकडे ठेवायचा आणि मुळाकडे परतायची वाट, डावीउजवीकडच्या भागांसह, दुसरीकडे. शेजारी सरकायचं तर एक तुकडा इकडून तिकडे जातो, बस्स. मुळापासून पुन्हा शोधाशोध नाही.

अशा एडिटरमध्ये ‘अनडू’, म्हणजे केलेला बदल मागे घेण्याची सोय, फुकटात मिळतो, असं फंक्शनल मंडळी मोठ्या उत्साहाने सांगतात. ते अर्धंच खरं आहे. जुने दस्तऐवज हाताशी असतात, हे कबूल. पण एकेक अक्षर मागे जाणारा अनडू कुणाला हवाय? टाइप केलेल्या अक्षरांचे गट करावे लागतात, कर्सरची जागाही सोबत जपावी लागते. दोघे जण एकाच वेळी लिहीत असतील तर जुनी आवृत्ती परत आणल्यावर दुसऱ्याचं लेखनही पुसलं जाईल. तिथे आवृत्त्यांऐवजी बदलांचीच नोंद ठेवून, फक्त आपला बदल उलटवावा लागतो.

सगळ्यात अवघड पाहुणा मात्र ब्राउझरच. पान आपणच रंगवतो, असं एल्म समजून चालते. कंटेंटएडिटेबल परस्पर त्यात ढवळाढवळ करतो. मग जो तुकडा आहे असं एल्मला वाटतं, तो पानावर नसतोच आणि प्रोग्राम कोसळू शकतो. यावर ‘बीफोरइनपुट’ ही घटना उपयोगी पडते: बदल होण्याआधीच तो अडवायचा आणि संदेश बनवून ‘अपडेट’कडे पाठवायचा.

पण ध्वनीनुसार टाइप करून मराठी लिहिणाऱ्यांना यातली गोम लगेच कळेल. शब्द पक्का होईपर्यंत की-बोर्डची प्रणाली पानावरची अक्षरं फिरवत राहते आणि त्या काळात होणारे बदल अडवता येत नाहीत. मध्येच पान नव्याने रंगवलं तर अर्धवट शब्द विस्कटतो. त्यामुळे शुद्ध फंक्शनल एडिटरलाही तेवढ्या वेळापुरतं हात बांधून बसावं लागतं आणि शब्द पूर्ण झाल्यावर पानावरून वाचून तो मॉडेलमध्ये उतरवावा लागतो. क्रोमने २०२४ मध्ये आणलेला ‘एडिटकॉन्टेक्स्ट’ हा मार्ग ही अडचण मुळात सोडवतो: की-बोर्डकडून येणारा मजकूर थेट प्रोग्रामला मिळतो आणि पानाला ब्राउझर हात लावत नाही.